नुसत्या मोजणीचे पैसे कशाला?

ताई, नमस्कार.

कसबा पेठेत आमचा जुना वाडा आहे. पुढचा चौक उभा आहे, मागच्या चौकाची एक बाजू काही वर्षांपूर्वीच्या पावसात बसली. महापालिकेच्या वारसा यादीत वाडा तिसऱ्या श्रेणीत आहे. माडीवर आम्ही दोघं राहतो, खाली दोन भाडेकरू आहेत. मे महिन्यात धोकादायक इमारतीची नोटीस आली. मोठे दीर म्हणतात, बिल्डरला देऊन मोकळे व्हा. पुतण्या अमेरिकेत असतो, त्याला वाडा राहावा असं वाटतं आणि तो थोडे पैसे घालायलाही तयार आहे.

आम्ही दोन आर्किटेक्ट पाहिले. एक पुतण्याच्या मित्राच्या ओळखीचे. आठवड्याभरात त्यांनी संगणकावरची रंगीत चित्रं आणली. दर्शनी भिंत तशीच, मागे चार मजले आणि लिफ्ट. चित्रांचे पैसे घेतले नाहीत, परवानग्यांचं मी बघतो म्हणाले. दुसऱ्या बाई जुन्या वास्तूंचंच काम करतात. दोन तास फिरल्या, चित्र एकही काढलं नाही आणि जाताना म्हणाल्या, आधी मोजणी आणि पाहणी करावी लागेल, त्याचे पैसे वेगळे. घरात सगळे हसले. सिटी सर्व्हेचा नकाशा असताना नुसत्या मोजणीचे पैसे कशाला?

आमच्या माडीच्या खिडकीतून शनिवारवाड्याचा बुरूज दिसतो. ते दृश्य सोडून फ्लॅटमध्ये जायचं माझ्या जिवावर येतं. पण माझं वय ६३, जवळ आहेत ते निवृत्तीचे पैसे. काम कोणाला द्यावं आणि काय विचारून द्यावं?

— कसब्यातली एक वाचक

नमस्कार.

दुसऱ्या बाईंना परत बोलवा आणि मोजणीचे पैसे द्या. मात्र अख्ख्या वाड्याचं काम एकदम त्यांच्या हाती सोपवू नका. मोजणी आणि पाहणी एवढंच पहिलं काम, त्याचा स्वतंत्र करार आणि स्वतंत्र रक्कम. अहवाल आणि आराखडे तुमच्या मालकीचे राहतील, असं त्यात लिहून घ्या. पुढचं काम त्यांनाच द्यायचं की आणखी कोणाला, ते अहवाल वाचल्यावर ठरवा. मर्यादित पैसा असलेल्या माणसाला जुन्या घराच्या बाबतीत याहून सुरक्षित वाट मला माहीत नाही.

मोजणी म्हणजे टेप धरून लांबी-रुंदी घेणं, असं घरातल्यांना वाटतंय. सिटी सर्व्हेचा नकाशा तुमची हद्द सांगतो, वाड्याच्या आतलं त्याला काही ठाऊक नसतं. भिंत खाली किती जाड आणि माडीवर किती, ओसरीचा एखादा खांब जोत्यावरून सरकलाय का, माडीची जमीन चौकाकडे कलली आहे का, हे कळायला प्रत्येक मजल्याचा आराखडा लागतो, वाडा उभा कापल्यावर दिसेल तसे दोन-तीन छेद लागतात, छपराचा वेगळा आराखडा लागतो. मग त्याच कागदांवर दोष चढवतात. कुठल्या खणातली, म्हणजे दोन खांबांमधल्या भागातली, कडी (तुळयांवरचं लहान आडवं लाकूड) वाकली, कुठे वाळवी आहे, कुठली भेग जुनी आणि कुठली अजून वाढतेय. प्रत्येक खांबाला आणि तुळईला क्रमांक पडतो. पुढे कंत्राटदार म्हणाला की सगळं लाकूड गेलंय, तर तुम्ही कागद पुढे करून विचारू शकता, कुठल्या क्रमांकाचं? वारसा समितीपुढे जायचं तर हेच आराखडे लागणार, अंदाजपत्रक यावरूनच निघणार. एक्स-रे न काढता कुणी ऑपरेशनची तारीख दिली तर आपण त्या दवाखान्यातून उठून येतो. इथे तर खाली दोन बिऱ्हाडं राहताहेत.

त्या बाई दोन तास फिरल्या आणि चित्र काढलं नाही, हे माझ्या लेखी त्यांच्या बाजूचं आहे. पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर तुम्हीही फिरा आणि त्या काय बघतात ते बघा. तीच तुमची मुलाखत.

जुनं घर कळणारा माणूस आधी पाण्याचा माग काढतो. वळचणीखाली उभं राहून कौलांची ओळ कुठे खचली आहे ते पाहतो, पन्हळ कुठे गळतो ते पाहतो, चौकातलं पाणी कुठून बाहेर पडतं आणि ती वाट तुंबली आहे का हे विचारतो. पाऊस थांबल्यावर कुठली भिंत किती दिवसांनी वाळते, हे घरात राहणाऱ्या बाईला पक्कं माहीत असतं. ज्या आर्किटेक्टला ते विचारावंसं वाटतं, तो कामाचा. वाड्यांच्या मूळ रचनेत माडीवर संडास-न्हाणी नव्हती. पुढे बिऱ्हाडं वाढली तशी ती सज्जाच्या टोकाला, जिन्याखाली, मिळेल त्या कोपऱ्यात बसवली गेली आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक वाड्यांचं दुखणं तिथूनच सुरू झालं. तुमच्या मागच्या चौकाची बाजू बसली तिथे वर नळाचं काही होतं का, हे आठवून ठेवा. त्या नक्की विचारतील.

मग नजर जायला हवी ती तुळयांच्या टोकांकडे. तुळईचं मधलं अंग आपल्याला दिसतं आणि ते सहसा ठणठणीत असतं. कुजतं ते भिंतीत शिरलेलं टोक, कारण तिथे ओल साठते आणि वारा लागत नाही. टोच्याने दाबून बघतात. चांगल्या सागवानात टोक जेमतेम शिरतं, कुजक्यात सरळ आत जातं. हातोडीच्या दांड्याने ठोकलं की भरीव आणि पोकळ आवाजातला फरक तुम्हालाही कळेल. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात मी हे अगदी जवळून पाहिलं. माजघरावरच्या तुळईला ऑइलपेंटचे थर होते, चीर एकही नव्हती, मालक म्हणत होते ही आमची सगळ्यात भक्कम. आर्किटेक्टनी भिंतीलगतचा गिलावा वीतभर उकरला तर आतलं लाकूड तपकिरी भुसा होऊन हातात आलं. तुळई टेकली होती ती कुणीतरी मागाहून ठोसून भरलेल्या सिमेंटवर. पण तिचं उरलेलं सगळं अंग खणखणीत होतं. म्हणून तुळई बदलली नाही. खालून टेकू दिले, कुजकं टोक कापलं, दुसऱ्या पडलेल्या वाड्याच्या जुन्या सागवानाचा तुकडा खाच पाडून जोडला आणि दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या बोल्टांनी आवळल्या. अख्खी तुळई बदलायची तर वरचा कडीपाट (कड्या आणि त्यांवरच्या फळ्या), त्यावरची मातीची भर, माडीची भिंत, सगळंच उकलावं लागलं असतं. चांगल्या आर्किटेक्टची फी इथे वसूल होते.

वाडा कसब्यात आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी तुमच्याकडे आलं होतं का आणि आलं असेल तर कुठवर? दिरांना किंवा जुन्या भाडेकरूंना भिंतीवरची खूण आठवत असेल. आपल्या वाड्यांना खाली घडीव दगडाचं जोतं असतं, वर विटा, आणि पुष्कळ ठिकाणी भिंतीच्या पोटात किंवा माडीच्या मजल्याला मातीचं काम असतं. पुराचं पाणी मुरलं की अशा भिंतीचा धर सुटतो. त्या वेळी घाईत केलेल्या दुरुस्त्या आज चार रंगांखाली दडलेल्या असतात. पाहणी करणाऱ्याला हे आधी कळलं तर तो त्या भिंती वेगळ्या तपासतो.

सिमेंटबद्दल त्यांचं मत काय, हेही सरळ विचारा. उत्तरात थोडी चिडचिड दिसली तर शुभलक्षण समजा. चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा थर चढवला की ओलीची वाट बंद होते, ती भिंतीतल्या भिंतीत वर चढते आणि शेवटी लाकडाला गाठते. आपल्याकडे भट्टीचा चुना भिजवून मुरवत, वाळू आणि सुरखी (विटांची पूड) घालून चुन्याच्या घाण्यात मळत, कामाप्रमाणे त्यात गूळ, बेलफळाचं किंवा हिरड्याचं पाणी घालत. हे काम आजही होतं, पण हात असणारे गवंडी थोडे आहेत. म्हणून ‘चुन्याचं काम कराल का’ एवढं विचारून थांबू नका. गवंडी कोण, त्याने शेवटचं काम कुठे केलं, चुना किती दिवस मुरवणार, हे विचारा. सिमेंटमध्ये थोडी चुन्याची पूड टाकू म्हणाले तर विषय तिथेच संपवा.

जतन म्हणजे तुम्ही कंदिलाच्या उजेडात राहायचं, असा कोणी समज करून दिला असेल तर तो सोडा. तुम्हाला कमोड हवा, गिझर हवा, स्वयंपाकघरात ओटा हवा, गुडघ्यांना झेपेल असा जिना हवा. हे सगळं होतं. प्रश्न फक्त कुठे बसवायचं याचा. ओलं काम एका बाजूला, एकाखाली एक, शक्यतो लाकडावर भार न देता स्वतःच्या आधारावर. आणि वायरिंग पूर्ण नवं. लाकडी घराला आगीचं भय पाण्याइतकंच आहे, कडीपाटावरून लोंबणाऱ्या जुन्या वायरी बघून मला नेहमी धडकी भरते. तुमच्या हातात आज थोडेच पैसे असते तर मी सांगितलं असतं की छप्पर आणि वायरिंग करा, बाकी थांबू दे.

आता पहिल्या गृहस्थांकडे येते. त्यांनी चित्रं फुकट दिली, कारण त्यांची फी पुढच्या बांधकामाच्या टक्केवारीत येणार आहे. नव्या इमारतीला ती पद्धत रूढ आहे आणि तिथे चालते. दुरुस्तीत ती घात करते. इथे कौशल्य असतं ते काम वाचवण्यात, आणि टक्केवारीच्या करारात आर्किटेक्टने काम वाचवलं की त्याचीच फी कमी होते. म्हणून कोणालाही नेमा, पण फी टप्प्याटप्प्याने ठरावीक रकमेची घ्या. मोजणी-पाहणीचे इतके, समितीसाठी प्रस्ताव आणि आराखड्यांचे इतके, अंदाजपत्रक-निविदेचे इतके, देखरेखीचे महिन्याला इतके. त्यात १८ टक्के जीएसटी धरलाय की वर लागणार, ते लिहून घ्या.

दर्शनी भिंत ठेवून मागे चार मजले, या कल्पनेला माझा साफ विरोध आहे. वाडा चौकाभोवती बांधलेला असतो. उजेड, वारा, देवघर, माजघर, सोपा, सगळ्यांचा संबंध चौकाशी आहे. तो काढून रस्त्यावरची भिंत ठेवली तर उरतो तो पडदा. पण माझा विरोध बाजूला ठेवा, कायद्याचं बघा.

वारसा यादीतल्या पहिल्या श्रेणीच्या वास्तूला जवळजवळ हात लावता येत नाही, दुसऱ्या श्रेणीत आतले बदल तपासून मान्य होतात आणि तिसऱ्या श्रेणीत बाहेरचे-आतले बदल बऱ्यापैकी करता येतात, मात्र परिसराला साजेसे आणि समितीच्या मान्यतेने. म्हणजे तुमच्या हौशीला जागा आहे. तिसऱ्या श्रेणीत आणखी एक तरतूद असते. वास्तू कमकुवत किंवा असुरक्षित ठरली तर पुनर्बांधणीला परवानगी मिळू शकते. हेतू चांगला आहे, पण त्यामुळेच ‘वाडा राहण्यास अयोग्य’ असा दाखला झटपट मिळवून देणारे लोक भेटतात आणि अजून एक पावसाळा जाऊ द्या म्हणजे पडझड वाढेल, असा सल्लाही देतात. असा कागद तुमच्या सहीने एकदा महापालिकेत गेला की मागे घेणं फार अवघड. सही करण्याआधी तो दाखला देणारा इंजिनिअर तुळईच्या टोकांपर्यंत पोचला होता का, एवढं विचारा.

आणि तुमच्या माडीतून दिसणारा तो बुरूज. शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा, त्यात २०१० साली दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधकामाला आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. तुमचा वाडा पहिल्या शंभर मीटरमध्ये येत असेल तर ती चार मजल्यांची चित्रं कागदावरच राहणार. दुरुस्तीची वाट मात्र बंद नाही. १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराच्या दुरुस्ती-नूतनीकरणासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो. हे अंतर अंदाजाने ठरवू नका, मोजणीच्या कामातच त्याचा समावेश करा. दोन्ही आर्किटेक्टपैकी हा मुद्दा कोणी आपणहून काढला का, हे मला जाणून घ्यायला आवडेल. ‘परवानग्यांचं मी बघतो’ म्हणणाऱ्याला कागद-पेन द्या आणि कुठकुठल्या परवानग्या ते लिहायला सांगा. बिनपरवाना काम झालं तर नोटीस मालकाच्या नावाने येते.

नोंदणी तपासणं सोपं आहे. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. नोंदणी क्रमांक ‘सीए’ने सुरू होतो, त्यात नोंदणीचं सालही असतं, आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. पण ही नोंदणी फक्त आर्किटेक्ट असण्याची. ‘कन्झर्व्हेशन’ हा शब्द पाटीवर कोणीही लावू शकतो. त्यासाठी शिक्षण कुठे झालं ते विचारा. दिल्ली आणि भोपाळचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचं सेप्ट, अशा ठिकाणी वास्तुजतनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पदवीपेक्षाही मी वजन देईन ते झालेल्या कामाला. चार-पाच पावसाळे खाल्लेलं काम दाखवा म्हणा, कालपरवाचं ताजं नको. तिथल्या मालकांना आर्किटेक्टच्या पाठीमागे भेटा. ठरल्याप्रमाणे स्वतः साइटवर येत होते की मदतनिसाला धाडत होते? खर्च कुठल्या कामात वाढला? आता गळतं का? लोक या तीन प्रश्नांची उत्तरं मोकळेपणाने देतात.

आर्किटेक्टबरोबर स्ट्रक्चरल इंजिनिअर लागेलच आणि तो लाकडाचं, भारवाहक भिंतींचं काम केलेला हवा. नाहीतर पहिल्याच भेटीत ‘आरसीसीची फ्रेम घालून घेऊ’ असं ऐकाल. सागवानी खांबाभोवती काँक्रीट ओतलं की आतला खांब पुन्हा कधी तपासता येत नाही आणि तो आत कुजत राहतो. आधार द्यायचाच तर पोलादाचा द्यावा, बाहेरून, उद्या काढता येईल असा.

कराराचं थोडक्यात सांगते. साइटवर कोण येणार आणि आठवड्यातून किती वेळा, ते नावानिशी लिहा. कंत्राट आयटम रेटने, म्हणजे प्रत्येक कामाचा वेगळा दर ठरवून द्या, एकरकमी नको. जुनी भिंत उघडल्यावर काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं. एकरकमी घेणारा ती जोखीम आधीच दरात लावून ठेवतो, नाहीतर मग कामात कापतो. सगळं काम सुरू करण्याआधी एका खणाचा नमुना करून घ्या. त्या खणातला कडीपाट, एका खांबाची स्वच्छता, दोन भिंतींचा चुन्याचा गिलावा. तो तुम्ही आणि आर्किटेक्ट मिळून पसंत करा आणि उरलेलं काम त्याच्याशी ताडून बघा. पैशाचा पाचवा हिस्सा तरी अंदाजपत्रकाबाहेर बाजूला ठेवा. निवृत्तीचे सगळे पैसे यात घालायचे का, हा प्रश्न तुमच्या मनात असेल. नाही. औषधपाण्याचे पैसे आधी काढून ठेवा, उरलेल्यात बसेल तेवढाच टप्पा घ्या. वाडा टप्प्याटप्प्याने दुरुस्त होतो, तो तसाच वाढलाही होता.

नोटिशीला मात्र वेळ लावू नका. ती बहुधा महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ ची असेल. उत्तर न देणं हे सगळ्यात वाईट उत्तर. इंजिनिअरला लगेच बोलावून धोक्याच्या जागी टेकू द्या, तेवढा भाग वापरातून काढा, खालच्या मुलांना तिथे खेळू देऊ नका आणि काय केलं ते फोटोंसह लेखी कळवा. वारसा यादीतली वास्तू आहे, पाहणी सुरू आहे, दुरुस्तीचा प्रस्ताव देत आहोत, हेही त्यात यायला हवं. पोच घ्यायला विसरू नका. पाऊस चालू आहे याची चुटपुट लावून घेऊ नका, पाहणीला हाच उत्तम काळ, गळती लपत नाही. पावसाळा संपेपर्यंत आराखडे तयार झाले तर प्रस्ताव द्या. परवानगी हातात आल्यावर दिवाळीनंतर छपराला हात घाला आणि मृगाच्या आत ते पक्कं बंद झालंच पाहिजे. परवानगी लांबली आणि मे महिना जवळ आला तर कौलं उतरवू नका, पुढची दिवाळी धरा.

भाडेकरूंना पाहणीच्या दिवशीच विश्वासात घ्या. त्यांना हक्क आहेत, आणि दुरुस्तीसाठी काही महिने जागा सोडावी लागली तर परत कुठल्या खोल्यांत, किती जागेत येणार, हे लेखी मिळालं की विरोध बराचसा मावळतो. बिल्डर अनेकदा याच भीतीवर खेळतो. पुतण्याचं नाव प्रॉपर्टी कार्डावर असेल तर त्याचं मुखत्यारपत्र लागेल. तिकडे भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्यायचं आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचं.

दिरांवर रागावू नका. त्यांना पैशाची चिंता आहे आणि ती खरी आहे. त्यांच्यासाठी आर्किटेक्टला एक हिशेब करायला सांगा. वारसा यादीतल्या वास्तूचा न वापरलेला बांधकाम हक्क टीडीआर म्हणून, म्हणजे दुसऱ्या जागेसाठी विकता येणारा हक्क म्हणून, मिळण्याची तरतूद राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे. अटी आहेत, सगळ्यांना सारखा मिळत नाही, पण तुमच्या वाट्याला काही येतं का हे आकड्यात समोर आलं की बोलणं वेगळं होईल. आणि एखाद्या सकाळी त्यांना विश्रामबागवाड्यात घेऊन जा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळचं, १८०७ चं काम आहे. सुरूच्या आकाराचे सागवानी खांब, त्यावरची केळफुलं, माडीची जमीन तोलणाऱ्या तुळया, सगळं हाताच्या अंतरावर बघता येतं. आपल्या घरात काय काय शिल्लक आहे ते तिथून आल्यावर नीट दिसायला लागतं.

मागच्या चौकाला एवढ्यात हात लावू नका. उभं आहे ते आधी सावरू दे. पण तिथे पडलेलं लाकूड विकू नका. जुन्या लाकडाचे व्यापारी येऊन गेले असतील, नसले तर येतील, आणि कोरीव खांबाला बरा भाव सांगतील. पुढच्या चौकातल्या तुळयांना टोकं जोडायला इतकं मुरलेलं सागवान बाजारात सहज मिळणार नाही. तुकडे कोरड्या जागी, जमिनीपासून विटांवर उचलून, हवा खेळेल असे रचून ठेवा, वर ताडपत्री टाका पण चहूबाजूंनी गुंडाळू नका, आणि कुठला तुकडा कुठून पडला हे आठवतंय तोवर प्रत्येकावर खडूने लिहून फोटो काढून ठेवा.